ताम ग्वोक-विंगचा परवाना

आधीच सांगून टाकते, तो कागद मी जाळला. चोराने नेला नाही, वाळवीने खाल्ला नाही. मी, माझ्या या हातांनी चुलीत घातला आणि वीस वर्षं नवऱ्याला सांगत राहिले की तो बँकेच्या तिजोरीत सुखरूप आहे.

कागद साधासुधा नव्हता. फोशानच्या गुरूंनी स्वतः लिहून दिलेला. सेतो यिउ-लाम याने बारा वर्षं गुरूंच्या घरी राहून सुया टोचून दुखणी बरी करायचं काम शिकलं, आता तो कोणाच्याही अंगाला सुई लावायला लायक आहे, असं त्यात होतं. वर आधीच्या पाच गुरूंची नावं, खाली लाल शिक्का. सेतो यिउ-लाम म्हणजे आमचे हे. पण सान फ्रान्सिस्कोत या नावाच्या माणसाला कोणी ओळखत नाही. इथे हे ताम ग्वोक-विंग.

आमच्या अर्ध्या गल्लीचं असंच आहे. हा देश चिनी माणसाला आत घेत नव्हता, घेतलाच तर इथल्या नागरिकाच्या मुलाला. म्हणून ताम नावाच्या एका म्हाताऱ्याने सरकारदरबारी लिहून ठेवलं होतं की गावाकडे मला चार मुलगे आहेत. होते दोन. उरलेल्या दोन जागांपैकी एक यांनी विकत घेतली. अठ्ठेचाळीस साली बोटीवर बसून यांनी तामांचं अख्खं घर पाठ केलं, खिडक्या किती, विहीर कुठल्या बाजूला, आजी कशाने गेली. बंदरावरच्या साहेबाने विचारलं तसं घडाघडा सांगितलं आणि ताम होऊन खाली उतरले. मी चार वर्षांनी लाइ-क्वानला कडेवर घेऊन आले ती तामची बायको म्हणून. पोरीला आम्ही कधी काही बोललो नाही. लहान मूल, शाळेत बोलून गेलं असतं.

मग छप्पन साल उजाडलं. सरकारला अचानक खोटी नावं शोधायची हुक्की आली. आमच्या कुलमंडळांकडून, म्हणजे एकेका आडनावाच्या लोकांच्या संस्थांकडून, वह्या आणि फोटो मागवले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एकूण एक धुराड्यातून कागदाचा धूर येत होता. बायकांनी नवऱ्यांची पत्रं जाळली, सासूसासऱ्यांचे फोटो जाळले. आमच्या घरात सेतो हे नाव फक्त एका कागदावर होतं. हे लाँड्रीत कामाला गेले होते. खाली जिन्यात बुटांचा आवाज आला, मी ट्रंक उघडली आणि कागद चुलीत सारला. बूट वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे निघाले.

यांनी पंधरा दिवसांनी विचारलं, "ट्रंकेतला कागद कुठाय?"

"बँकेच्या तिजोरीत ठेवायला दिला," मी म्हटलं. "घरात धोका नको."

"शहाणी आहेस," म्हणाले. एवढं कौतुक यांनी माझं पुन्हा कधी केलं नाही. मला मेलीला ते ऐकून घ्यावं लागलं.

दिवसा लाँड्री आणि संध्याकाळी मागच्या खोलीत सुया, असं यांचं चाललं होतं. येणारे सगळे आपलेच, गुडघे धरलेले म्हातारे आणि शिवणयंत्रावर मान आखडलेल्या बाया. गोऱ्यांना आमच्या सुया म्हणजे जादूटोणा वाटायचा. मग बहात्तर साली त्यांचा राष्ट्राध्यक्ष चीनला जाऊन आला, वर्तमानपत्रांत सुयांचे फोटो आले आणि या लोकांच्या अंगात आलं. पांढरी भुतं आमचा जिना चढायला लागली. एक बाई तर दाराबाहेर रडत उभी राहिली, म्हणाली दहा वर्षांत मान वळली नाही. यांनी सहा सुया लावल्या. जाताना तिने मान वळवून मागे बघितलं आणि पुन्हा रडली.

डॉक्टर केसलर तेव्हाचाच. खाडीपलीकडे त्याचा मोठा दवाखाना. माणूस वाईट नव्हता. दर गुरुवारी स्टुलावर बसून बघायचा, वहीत लिहायचा, स्वतःच्या पायाला टोचून घ्यायचा. वर्षभराने त्याच्या दाराबाहेर पाटी लागली, चिनी सुईचा उपचार.

आणि चौऱ्याहत्तर साली यांना पकडलं. कंबर धरून कण्हत आलेला गडी पोलिस निघाला. यांनी नाडी धरली आणि मला आमच्या भाषेत म्हणाले, "याच्या कमरेला काही झालेलं नाही, बहुतेक बायकोशी भांडलाय." तरी एक सुई लावली, झोप लागावी म्हणून. त्याने त्या सुईसकट उठून यांच्या हातात बेडी घातली. वैद्यकीचा परवाना नसताना माणसाच्या शरीरात सुई टोचली, हा गुन्हा. केसलरने टोचली तर चालतं, तो डॉक्टर. ज्यांच्याकडून शिकला त्यांनी टोचली तर तुरुंग. न्यायाधीश म्हणाला, या वेळी सोडतो, पुन्हा सापडलात तर आत.

दीड वर्ष यांनी कोणाला हात लावला नाही. लाँड्री गुडघ्यांमुळे आधीच सुटली होती. सकाळी उठून वर्तमानपत्राची जाड घडी करायचे, दोऱ्याने आवळायचे आणि खिडकीशी बसून त्यात सुई घालायचे, काढायचे, घालायचे. हात विसरू नये म्हणून. जुने पेशंट जिन्यातून हाका मारायचे तर मला सांगायचे, नाही म्हण. गल्लीतल्या लेउंग काकांची आजारी बायको दारात येऊन गयावया करायला लागली तेव्हा हे न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. मी बाहेरून ऐकलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस आत हुंदके देत होता.

केसलर आला होता. म्हणाला, माझ्याकडे या, माझ्या परवान्यावर सुया लावा, कागदोपत्री माझं नाव राहील.

यांनी लाइ-क्वानला सांगितलं, "त्याला विचार, आणखी एक नाव? दोन पुरे झाली म्हणावं." पोरीने दोनचा अर्थ विचारला. हे म्हणाले, "सहज बोललो."

शहात्तर साली राज्याने नवा कायदा केला, सुईवाल्यांना वेगळा परवाना मिळणार. अर्जाला मुदत होती दीड महिना. लाइ-क्वानने अर्ज वाचून दाखवला. पाच वर्षं हे काम केल्याचा पुरावा द्या. इथे केलं म्हणावं तर स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल. तिकडे केलं म्हणावं तर कागद दाखवा.

हे दीड वर्षात पहिल्यांदा हसले. "कागद आहे ना," म्हणाले. "लाइ-क्वानची आई, उद्या तिजोरीतून घेऊन ये."

"आणि त्यावरचं नाव?" पोरगी आत गेल्यावर मी दबक्या आवाजात विचारलं.

"सांगू काहीतरी. आधी कागद आण."

मी गेले, पण तिजोरीकडे नाही. लेउंग काकांकडे गेले. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, नववर्षाच्या लाल पट्ट्या, सगळं तेच लिहितात. मी दार लावून घेतलं आणि सगळं ओकून टाकलं. ते कुंचला धूत ऐकत होते.

"गुरूचं अक्षर कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"तिरकं. दारू प्यालेल्या माणसासारखं."

"मग जमेल. हल्ली माझं न पिताही तसंच येतं." त्यांनी जुना कागद काढला, चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकला. शिक्का कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवर कोरला. पाच गुरूंची नावं मला पाठ होती, हे रोज सकाळी पुटपुटायचे. मग कुंचला शाईत बुडवून काका थांबले. "शिष्याचं नाव काय घालू?"

मी दाराची कडी पुन्हा तपासली.

"सेतो घातलं तर साहेब विचारणार, सेतो कोण," काका म्हणाले.

"आणि ताम घातलं तर?"

"तर नवरा विचारेल, ताम कोण."

लाइ-क्वान टपालखात्यात लागून तीन वर्षं झाली होती. ती हाँगकाँगहून आली तामची मुलगी म्हणून, तिचं नागरिकत्व त्या एका नावावर उभं. यांचं नाव खोटं ठरलं की तिचंही गेलं, नोकरी गेली, कोण जाणे आम्हाला बोटीतही बसवतील. मी घाबरट आहे, मान्य. छप्पन साली ज्या बाईने जिन्यातले बूट ऐकले तिने पुढे निर्भय व्हायचं कसं? मी म्हटलं, "ताम घाला."

कागद यांच्यापुढे ठेवला. यांनी आधी हात धुतले, पुसले, मग उलगडला. एका नजरेत कळलं. मला वाटलं होतं, आरडाओरडा करतील. यांनी त्या नावावर बोट ठेवलं.

"माझा कुठाय?"

"जाळला."

"कधी?"

"छप्पन साली. चुलीत."

"चुलीवर काय होतं?"

"पेज."

"ती मी खाल्ली?"

"दोघांनी खाल्ली," मी म्हटलं.

हे उठले, परत बसले. मला म्हणाले, "घाबरली असशील." यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी पाय धरले, म्हटलं, एकदा हा कागद दाखवा, परवाना मिळेल, उरलेलं आयुष्य सुया लावा, नाव काय चाटायचंय.

तेव्हा मात्र आवाज चढला. "सगळं त्याला दिलं मी. घरभाडं तामचं, पगार तामचा, पोरीच्या शाळेत बाप म्हणून ताम. तू त्याची बायको म्हणून राहिलीस, तेही चालवून घेतलं. पण शिष्य होताना गुरूंना चहा दिला तो मी दिला, गुडघे टेकले ते मी टेकले. तिथे ताम नव्हता. तो कुत्रा कुठेच नव्हता." मग दम लागला. "मी जाणार आणि खरं नाव सांगणार. मिळाला तर सेतोला मिळेल, नाहीतर नको."

"आणि पोरगी?"

"आता कोणी कोणाला परत पाठवत नाही. पुष्कळांनी कबुली दिली, इथेच आहेत."

"सगळे आहेत?"

यांनी कागदाची घडी करून टेबलावर ठेवली. माझ्याकडे फक्त भीती होती, आणि ती माझ्या जुन्या ओळखीची होती.

अर्ज तामच्याच नावाने गेला, सोबत तो कागद मीच जोडला, आणि सुनावणीचं पत्र आलं. सरकारी दुभाष्या उत्तरेकडची भाषा बोलणारा होता, आमच्या होइपिंगच्या बोलीतलं त्याला ओ की ठो कळलं नसतं. पत्रात लिहिलं होतं, घरचं माणूस आणलं तरी चालेल. म्हणजे लाइ-क्वान. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिला दुपारच्या सुट्टीत चौकातल्या बाकावर गाठलं. शेजारी म्हातारे पट मांडून भांडत होते. तिथे मी सत्तावीस वर्षांच्या मुलीला सांगितलं की तुझं आडनाव ताम नाही.

तिच्या हातात अर्धा पाव होता. तो तिने परत कागदात गुंडाळला. "सगळ्या गल्लीला माहीत होतं?"

"ज्याचं त्याचं ज्याला त्याला माहीत असतं."

"मला नव्हतं." ती थांबली. "मी शपथेवर लिहून दिलंय मा, टपालखात्यात."

"तुला माहीतच नव्हतं, मग खोटं कसं? पण उद्या तुझे बा बोलले की खोटं होईल. म्हणून सांगते. ते काहीही म्हणू देत, तू ताम म्हणायचं. बाकी सगळं खरं सांग. एक नाव फक्त."

"तू मला बांच्या तोंडावर खोटं बोलायला सांगतेस?"

"होय."

"आणि मी नाही बोलले तर?"

"तर नको बोलूस," मी म्हटलं. "मग तिघं मिळून काय होतं ते बघू." आई म्हणून मी यापेक्षा हलकट काही केलेलं नाही. मला माहीत होतं, असं म्हटलं की ती ऐकते.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तीन गोरे होते, दोन पुरुष आणि मध्ये चष्म्याची बाई, अध्यक्ष. मला भिंतीशी खुर्ची दिली. यांनी लग्नातला असावा तसा जुना कोट घातला होता. लाइ-क्वान मधे उभी राहिली, माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

आधी म्हणाले, काम दाखवा. पलीकडच्या जाड्या माणसाने बाही वर केली, त्याचा खांदा महिनोन्‌महिने उचलत नव्हता. यांनी नाडी धरली. दीड वर्षानंतर यांच्या बोटांखाली माणूस होता, वर्तमानपत्र नव्हतं. सुई गेली ती त्याला कळलीही नाही, तो दुसऱ्या बाजूला बघून हसत होता. यांनी ती दोन बोटांत हलकेच फिरवली आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, लहान मुलासारखं तोंड झालं. त्याने हात वर केला, खांद्याच्या वर, मग डोक्याच्या वर, आणि तसाच धरून बसला. अध्यक्षबाईने लेखणी खाली ठेवली. त्या क्षणी मला वाटलं, आता नाव कुठलंही सांगा, हे लोक देतील. खरंच वाटलं. मी पोरीला खूण करायला हवी होती. मी केली नाही.

बाईने खोटा कागद समोर ओढला आणि विचारलं. लाइ-क्वानने सांगितलं, "बा, त्या म्हणतात, तुमच्या शब्दांत सांगा. कोणाकडे शिकलात, किती वर्षं."

हे उठून उभे राहिले. पाच गुरूंची नावं घेतली, सावकाश, एकेकावर थांबून. मग म्हणाले, "त्यांच्यानंतरचा मी. माझं नाव ताम ग्वोक-विंग नाही. तो कागद खोटा आहे. मी होइपिंगचा सेतो यिउ-लाम. अठ्ठावीस वर्षं हे नाव मी तोंडातून काढलं नाही, आज काढतो. शिक्षा द्यायची तर द्या. सुई सेतोची आहे."

खोलीत कोणाला काहीच कळलं नव्हतं. तिघं हसऱ्या चेहऱ्याने पोरीकडे बघत होते. मग ती बोलायला लागली. मला इंग्रजी भाजीचा भाव करण्यापुरतं येतं. पाच नावं ओळखू आली, बारा वर्षं हे ओळखू आलं. आणि शेवटी, अगदी स्पष्ट, ताम ग्वोक-विंग.

हे तिच्याकडे वळले. इंग्रजी यांनाही येत नाही, पण ते नाव कुठल्याही भाषेत कळतं. यांना वाटलं, पोरीची चूक झाली. समजावल्यासारखं हळू म्हणाले, "सेतो, बाळ. सेतो यिउ-लाम. नीट सांग त्यांना."

लाइ-क्वानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती टेबलाकडे तोंड करून म्हणाली, "ताम ग्वोक-विंग."

तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी कोण आहे ते आठवत असल्यासारखं. मग हे खाली बसले आणि मांडीवर हात ठेवले. अध्यक्षबाईला वाटलं, मुलगी बापाच्या अभिमानाने रडतेय. तिने स्वतःचा रुमाल पुढे केला आणि कागदावर शिक्का मारला.

जिन्यात लाइ-क्वान यांच्या बाहीला धरून म्हणत राहिली, "बा, मी, बा." यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू नोकरी कर," म्हणाले, "तुझा काही दोष नाही." माझ्याशी बोलले नाहीत.

त्याला आता चार वर्षं झाली. परवाना भिंतीवर आहे. रांग खालच्या रस्त्यापर्यंत जाते. केसलर दर वर्षी नवे डॉक्टर घेऊन येतो, कोणी शिकागोचे, एकदा तर जर्मनीचे दोघे आले. ते वहीत लिहून नेतात, तामची पद्धत, आणि आपापल्या गावी जाऊन तसं शिकवतात. लेउंग काकांच्या बायकोच्या वेळी मात्र उशीर झाला होता, ती परवान्याच्या आधीच गेली. हे रोज काम करतात, कोणाला परत पाठवत नाहीत. सगळं मी म्हटलं तसं झालं.

घरात यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. ताट पुढे केलं की आभार मानतात, दार उघडलं की आभार मानतात. आमच्यात नवरा बायकोचे आभार मानत नाही, परक्याचे मानतो. मी भांडण उकरून काढलं, बशा आपटल्या, म्हटलं, शिव्या द्या मला, काहीतरी बोला. म्हणाले, "मिसेस ताम, तुम्ही दमल्या असाल."

परवा दुपारी मी कोहळ्याचं सार टेबलावर ठेवलं. हे खिडकीशी पाठ करून बसले होते. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि हे नाव तर मी या देशात एकदाही तोंडावर आणलं नव्हतं. मी आणलं. मोठ्याने हाक मारली, "सेतो यिउ-लाम, सार निवतंय."

यांनी मान वळवली नाही. ऐकू आलं नाही म्हणावं तर मी चार हातांवर उभी होते. मी आणखी दोनदा हाक मारली. खाली कोणाला तरी बोलावत असतील तसे हे रस्त्याकडे बघत राहिले. मग मी म्हटलं, "मिस्टर ताम, जेवण वाढलंय."

हे उठून आले, बसले, वाडगा हातात घेतला आणि माझे आभार मानले.